कांदाचाळीला इंग्रजीत काय म्हणतात? प्रोजेक्टसाठी नेटवर शोधणाऱ्या नवख्यांसाठी

“मॅडम, नेटवर काहीच नाही हो.”

दिवाळीची सुट्टी संपून प्रोजेक्टच्या तारखा लागल्या की नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या लायब्ररीत हे वाक्य रोज ऐकू येतं. मागच्या वर्षी ते म्हणणारी मुलगी निफाडकडची होती. एम.ए. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष. घरची कांद्याची शेती, घराशेजारी चाळ. विषयही तिनं अंगणातलाच घेतला होता. चाळीत ठेवलेला कांदा सडतो, सुकतो, त्याला कोंब येतात. यात शेतकऱ्याचं नेमकं किती जातं? विषय झकास. पण गूगलमध्ये तिनं टाकलं होतं, ‘नाशिक कांदा समस्या माहिती मराठी’. समोर आल्या लिलाव बंद पडल्याच्या बातम्या, दोन-तीन व्हिडिओ आणि त्याखाली कांदाभजीची कृती.

मी तिला एवढंच विचारलं, ज्या शास्त्रज्ञानं या नुकसानीवर काम केलं असेल, त्यानं आपल्या लेखात ‘चाळ’ हा शब्द लिहिला असेल का?

बहुतेक नाही. त्यानं इंग्रजीत ‘ऑनियन स्टोरेज स्ट्रक्चर’ लिहिलं असेल. नुकसानीला ‘पोस्ट-हार्वेस्ट लॉसेस’ म्हटलं असेल आणि कांद्याला त्याच्या शास्त्रीय नावानं ‘एलियम सेपा’. आपला उन्हाळ कांदा त्याच्याकडे ‘रबी ऑनियन’ होतो आणि रांगडा ‘लेट खरीप’. हे शब्द इंग्रजी लिपीत टाकल्यावर त्या मुलीची तक्रार उलटी झाली. “मॅडम, एवढं सगळं कधी वाचू?”

सर्च इंजिन अलीकडे बरंच हुशार झालंय, अर्थ ओळखायचा प्रयत्न करतं, हे खरं. तरी अजूनही ते मुख्यतः तुमचे शब्द आणि लिहिणाऱ्याचे शब्द जुळवत बसतं. त्यामुळे ‘मला काय हवंय’ यापेक्षा ‘ज्यानं हे लिहिलं असेल त्यानं कोणता शब्द वापरला असेल’ हा विचार आधी करायचा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच आहेत.

आधी कागद, मग मोबाइल

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर विषयाचे शब्द चार तोंडांनी लिहा. घरी काय म्हणतात, बातमीत काय छापतात, सरकारी कागदात काय असतं आणि अभ्यासक काय लिहितात. घरची ‘चाळ’ सरकारी योजनेत ‘कांदाचाळ’ असते, कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत तीच ‘काढणीपश्चात व्यवस्थापन’ या मथळ्याखाली जाते, आणि इंग्रजी शोधनिबंधातलं रूप वर दिलंच आहे. ‘काढणीपश्चात’ हा शब्द घरी कोणी उच्चारत नाही, पण तो सापडला नाही तर मराठीतलं निम्मं साहित्य हाताला लागत नाही.

शब्द सुचत नसतील तर ते उसने घ्या. विषयावरचा कुठलाही एक बरा लेख उघडा आणि शीर्षकाखालचा सारांश व ‘कीवर्ड्स’ची ओळ पाहा. पाच-सहा शब्द आयते मिळतात.

नावांच्या बाबतीत मात्र आपल्या नाशिककरांना थोडी जास्त मेहनत आहे. आज आपण इंग्रजीत ‘एन ए एस एच आय के’ लिहितो. इंग्रज अमदानीत आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं मधला ‘एच’ नव्हता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड आपल्या जिल्ह्याचा आहे, १८८३ सालचा. जिल्ह्याच्या इतिहासावर काही करायचं तर तो उघडावाच लागतो आणि त्यावर ‘नासिक’ असंच छापलंय. गूगल बऱ्याचदा दोन्ही रूपं जुळवून घेतं. पण जुनी पुस्तकं ठेवणारं इंटरनेट आर्काइव्ह, प्रबंधांचं शोधगंगा किंवा एखाद्या जुन्या नियतकालिकाच्या साइटवरची शोधपट्टी तेवढी समजूतदार नसते. तिथे दोन्ही स्पेलिंगं वेगवेगळी टाकून पाहायची.

लेण्यांचं तर विचारूच नका. आपण पांडवलेणी म्हणतो, इंग्रजी पुस्तकात ‘पांडू लेना’ दिसतं, कुणी ‘त्रिरश्मी’ लिहितं आणि शिलालेखांचे अभ्यासक नुसतं ‘नासिक केव्ह्ज’. तिथल्या शिलालेखांचं एमिल सेनार यांनी केलेलं वाचन शिलालेखांना वाहिलेल्या ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात आहे. ‘पांडवलेणी’ टाकून ते वर्षभर सापडणार नाही. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचंही तसंच. १९३०च्या त्या लढ्यावर इंग्रजीत लिहिताना कुणी ‘कालाराम’ एकत्र लिहितं, कुणी ‘काला राम’ तोडून. त्या लढ्यातल्या भाऊराव गायकवाडांना कुणी ‘दादासाहेब’ म्हणतं, कुणी ‘बी. के. गायकवाड’. आपल्या विद्यापीठाचं नाव २०१४ साली सावित्रीबाई फुले यांच्यावरून झालं. त्याआधीचे प्रबंध ‘पुणे विद्यापीठ’ म्हणतात, आणखी जुने ‘पूना’.

मराठीत शोधताना शुद्धलेखनही आडवं येतं. १९६२च्या लेखननियमांनी बरेच अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘गांव’, ‘केलें’, ‘नांव’ असतं. ‘पिंपळगाव’ मिळालं नाही तर ‘पिंपळगांव’ टाकून पाहा.

गूगलला पाच खुणा

नेहमीच्या पट्टीतच काही खुणा चालतात. मी सगळ्या सांगत नाही, रोज लागणाऱ्या तेवढ्याच सांगते.

दुहेरी अवतरणचिन्हं: त्यात टाकलेले शब्द त्याच क्रमानं असलेली पानं पुढे येतात. ‘ऑनियन स्टोरेज स्ट्रक्चर’ हे अवतरणात टाकलं की सुटे ‘ऑनियन’ आणि सुटे ‘स्टोरेज’ गळतात.

उणे चिन्ह: जे नको त्याच्या आधी, मध्ये जागा न सोडता. ‘कांदा उणे रेसिपी’ केलं की भजी जातात. जीव हळहळतो, पण प्रोजेक्ट पुढे सरकतो.

‘साइट’ हा इंग्रजी शब्द, त्याला चिकटून कोलन आणि त्याला चिकटून ‘जीओव्ही डॉट इन’. मग तुमचे शब्द. आता फक्त सरकारी संकेतस्थळं येतील. ‘एसी डॉट इन’ टाकलंत तर शिक्षणसंस्था. इथे एक बारीक घोटाळा होतो, तो मी दहा-बारा मुलांचा सोडवलाय. मराठी कीबोर्ड चालू असताना हात विसर्गावर पडतो. दिसायला कोलन, असतो विसर्ग, आणि खूण चालत नाही. कीबोर्ड इंग्रजी करून मगच कोलन द्या.

‘फाइलटाइप’, कोलन, ‘पीडीएफ’: यानं अहवाल, पुस्तिका, शोधनिबंध वर येतात आणि जाहिरातींची पानं मागे पडतात.

आणि ‘बिफोर’, ‘आफ्टर’: कोलन देऊन पुढे वर्ष किंवा तारीख. याचा उपयोग पुढे सांगते, कारण कांद्याच्या बाबतीत तारखेनंच सगळा खेळ होतो.

गूगलच्या बाहेर

इथे वेळ घाला. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

गूगल स्कॉलर २००४पासून आहे, फुकट आहे, तरी तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही माहीत नसतं. तिथे मुख्यतः शोधनिबंध, पुस्तकं, प्रबंध येतात. वर्षाची गाळणी वापरा. कॉम्प्युटरवर ती डाव्या बाजूला दिसते. उजव्या कडेला पीडीएफची लिंक असेल तर पूर्ण लेख मोफत उघडतो. नसेल तर लेखाखालच्या ‘ऑल व्हर्जन्स’वर जा, कधी कधी तोच लेख लेखकाच्या विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेला असतो. तरीही नाही मिळाला तर लेखकाला ईमेल करा. तीन ओळी, नीट इंग्रजीत: मी कोण, काय करतोय, आपला अमुक लेख मिळेल का. बरेच लेखक पाठवतात. आपलं काम कुणीतरी वाचतंय याचा त्यांनाही आनंद असतो.

स्कॉलरमधलं खरं हत्यार म्हणजे ‘साइटेड बाय’. एखादा चांगला जुना निबंध सापडला की त्याची संदर्भसूची तुम्हाला मागे नेते आणि ‘साइटेड बाय’ पुढे. त्या निबंधाचा आधार नंतर कुणी कुणी घेतला, त्याची यादीच उघडते. वर एक चौकट असते, तिच्यावर टिक केली की त्या यादीतल्या यादीत शोधता येतं. आमच्या निफाडच्या मुलीनं साठवणुकीवरच्या एका जुन्या निबंधाची यादी उघडली आणि तिच्यात ‘नाशिक’ टाकलं, दोन्ही स्पेलिंगांनी. शब्द शोधत भटकणं तिथून संपलं.

शोधगंगा हे भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांचं भांडार. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनंतर विद्यापीठं प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती तिथे देऊ लागली. प्रबंध प्रकरणांप्रमाणे तुकड्या-तुकड्यांत असतो, त्यामुळे चारशे पानं एकदम उतरवून घ्यायची गरज नाही. आधी शेवटची फाइल उघडा, संदर्भसूचीची. मग आधीच्या संशोधनाचा आढावा ज्या प्रकरणात असेल ते. दुसऱ्या कुणीतरी तीन-चार वर्षं घालून तुमच्यासाठी पुस्तकं शोधून ठेवली आहेत, त्याचा फायदा घ्या. फायदा म्हणजे वाटा शोधायचा, परिच्छेद उचलायचे नाहीत. मजकूर तपासणारी सॉफ्टवेअरं हल्ली सगळीकडे आहेत. मराठीतल्या प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत नोंदलेली असतात, म्हणून तिथेही दोन्ही करून पाहा.

पैसे भरून वाचायची नियतकालिकं लागली तर आधी तुमच्या ग्रंथपालांकडे जा. ‘एन-लिस्ट’ नावाची योजना महाविद्यालयांसाठी आहे, तीही इन्फ्लिबनेटचीच. कॉलेज सभासद असेल तर तुमच्या नावानं लॉगिन मिळतं आणि घरी बसून वाचता येतं. जानेवारी २०२५पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ही सुरू झालंय, त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आहेत. तुमचं कॉलेज कशात बसतं ते विचारायला एक मिनिट लागतं. न विचारता कुठल्यातरी संशयास्पद साइटवरून फाइल उतरवून लायब्ररीच्या कॉम्प्युटरला व्हायरस देणारी मुलं मी पाहिली आहेत.

आकडे हवे असतील तर लेख शोधत बसू नका, आकडे जिथे जन्मतात तिथे जा. बाजारभाव केंद्राच्या ॲगमार्कनेटवर आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या साइटवर मिळतात: बाजार समिती, तारीख, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, क्विंटलमागे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला सगळं वेगवेगळं. बातमीच्या मथळ्यात बहुतेक वेळा कमाल दर असतो, कारण तोच चमकतो. त्या भावानं एखाद-दुसरीच ट्रॉली गेलेली असू शकते. अभ्यासासाठी सर्वसाधारण दर घ्या.

मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. व्याख्या आणि पार्श्वभूमीसाठी चांगला, भाषा तर अशी की परीक्षेत वापरावी. फक्त नोंद कधीची आहे ते पाहा. पहिला खंड १९७६चा आहे, त्या काळातले आकडे आजचे म्हणून देऊ नका. विकिपीडिया वाचायला हरकत नाही, आधार म्हणून द्यायला आहे. खालच्या तळटीपांमधून मूळ स्रोताकडे जा आणि त्याचा संदर्भ द्या.

मराठी पीडीएफ का सापडत नाही?

जुन्या मराठी पुस्तिका, जिल्हा परिषदेचे अहवाल, स्मरणिका नेटवर असूनही शोधात येत नाहीत, याचं कारण बऱ्याचदा फॉन्ट असतो. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, सर्रास होण्याआधी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप व्हायचा. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी आत भलतीच अक्षरं असतात. त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, अगम्य चिन्हं येतील. अशी फाइल तिच्या आतल्या शब्दांनी मिळणार नाही. ती ज्या कार्यालयाची असेल त्याच्या साइटवर ‘प्रकाशने’ किंवा ‘अहवाल’ हा विभाग हातानं चाळावा लागतो. स्कॅन केलेली पानं असतील तर ती गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, बराचसा मजकूर टाइप होऊन मिळतो. चुका राहतात, त्या मूळ पानाशी ताडून सुधारा.

आणि काही गोष्टी नेटवर नाहीतच. आपल्या सावानाची, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाची, स्थापना १८४०ची. जुन्या नाशिकवर काम असेल तर एक दुपार तिथे घालवा. पंख्याखाली बसून पानं उलटणं हाही शोधच आहे.

मिळालेलं खरं आहे का?

माझीच गोष्ट सांगते. एम.ए.च्या प्रबंधिकेत मी नाशिक जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या लिहिली, १४ लाख ८६ हजार. एका साइटवरून उचलली होती. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या सरांनी पान उघडलं आणि शांतपणे विचारलं, “बाकीचा जिल्हा कुठे गेला?” तो आकडा शहराचा होता. जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख ७ हजार १८७. त्या साइटनं ‘नाशिक’ एवढंच लिहिलं होतं आणि मी पुढचं गृहीत धरलं. जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. तिथेही एक सांभाळा: आधी हंगामी आकडे येतात, मग अंतिम, आणि नेटवर दोन्ही फिरत असतात.

तारखेचं उदाहरण कांद्याचंच. ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली. मे २०२४मध्ये ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५पासून तेही गेलं. आता यातली कुठलीही एक बातमी उघडा, ती तिच्या दिवशी खरीच होती. जानेवारी २०२४ची बातमी वाचून कुणी ‘सध्या निर्यातबंदी आहे’ असं लिहिलं तर काय होईल? म्हणून ‘आफ्टर’ची खूण लावून त्यानंतर काय झालं ते शोधायचं, आणि शेवटी परकीय व्यापार महासंचालनालयाची किंवा अर्थ मंत्रालयाची मूळ अधिसूचना गाठायची. बातमी अधिसूचनेपर्यंत जायची वाट दाखवते, तेवढंच तिचं काम.

शोधनिबंधांतही खोटी नाणी आहेत. पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणारी नियतकालिकं ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. एकाच अंकात आयुर्वेद, बँकिंग, काँक्रीट आणि संतसाहित्य दिसलं की सावध व्हा. पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी आधाराला होती, ती फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं. आता आपल्या मार्गदर्शकांना विचारा आणि स्वतः वाचून पाहा: पद्धत सांगितली आहे का, नमुना किती, आकडे कुठून आले.

चॅटजीपीटीनं दिलेली यादी

हल्ली मुलं तयार संदर्भसूची घेऊनच येतात. छान टाइप केलेली, लेखक, वर्ष, खंड, पृष्ठं सगळं आणि त्यातली दोन-तीन नावं जगात अस्तित्वातच नसतात. ही यंत्रं संदर्भ दिसतो कसा हे शिकलेली आहेत, त्यामुळे तसाच दिसणारा संदर्भ रचूनही देतात. २०२३मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी अशाच रचलेल्या खटल्यांचे दाखले न्यायालयात दिले आणि ५,००० डॉलर दंड भरला. तपासणं सोपं आहे. शीर्षक अवतरणचिन्हांत घालून स्कॉलरमध्ये टाका. निबंधाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, दिलेला असेल, तो १० या आकड्यानं सुरू होतो, तर ‘डीओआय डॉट ओआरजी’ या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन तो टाका. भलताच लेख उघडला किंवा काहीच उघडलं नाही, तर तो संदर्भ काढून टाका.

पण एका कामाला मी ती यंत्रं मुद्दाम वापरायला सांगते: शब्द विचारायला. ‘कांदाचाळीला कृषी अभियांत्रिकीत काय म्हणतात, आणखी कोणकोणत्या नावांनी हा विषय लिहिला जातो’ असं विचारा. दहा शब्द मिळतील, त्यातले सहा उपयोगी असतील, आणि चूक असेल तर शोधात लगेच कळेल.

वही

शंभर पानी वही पुरते. डाव्या पानावर तारीख, कुठे शोधलं, नेमके कोणते शब्द टाकले. उजव्या पानावर काय मिळालं: लेखक, शीर्षक, वर्ष, कुठून, पान क्रमांक. संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीख. कॉम्प्युटरची सवय असेल तर झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर हे सगळं करतं आणि संदर्भसूचीही लावून देतं. फाइलला ‘डाउनलोड २७’ ऐवजी लेखकाचं आडनाव आणि वर्ष असं नाव द्या. सरकारी साइटचे पत्ते न सांगता बदलतात, म्हणून महत्त्वाचं पान वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर ‘सेव्ह पेज नाऊ’ करून ठेवा, आधीच हरवलेलं पान असेल तर त्याचा जुना पत्ता तिथेच टाकून पाहा.

तरी अडलंत तर ग्रंथपालांकडे जाताना ती वही बरोबर न्या. ‘काहीच मिळालं नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी डावं पान उघडायला सांगते. बहुतेकदा तिथे एकच शब्द चार वेळा लिहिलेला असतो.